तिसरीचं वय

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या ज्या प्राथमिक शाळेत मी काम करते, तिथे ब्रेकफास्ट क्लब साडेसातला उघडतो. सगळ्यात आधी एक मुलगी येते. आईची केअर होममधली पाळी आठला सुरू होते, त्यामुळे फाटकाशी दोघी आधीच उभ्या असतात. दोन टोस्ट पटापट संपवते आणि तिसरा मागताना माझ्याकडे बघत नाही. तीन भावंडांत धाकटी. जन्म मे २०१७.

ती दोन महिने आधी जन्मली असती तर या घराचा महिन्याचा हिशेब वेगळा असता. ६ एप्रिल २०१७ पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि त्यापुढच्या मुलासाठी युनिव्हर्सल क्रेडिटमधली, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीतली, मुलाची रक्कम मिळत नव्हती. जुळी, दत्तक असे काही मोजके अपवाद सोडले तर नाहीच. २०२५-२६ च्या दराने ही रक्कम महिन्याला २९२ पौंड ८१ पेन्स होती. चाइल्ड बेनिफिट हा मुलांसाठीचा सरकारी भत्ता वेगळा. तो तिसऱ्यालाही मिळतो, पण २०२५-२६ मध्ये आठवड्याला १७ पौंड २५ पेन्सच होता. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या दोन्हींची कायम गल्लत होते आणि मग कुणीतरी लिहितं, 'आपल्या टॅक्सवर लोक पोरं काढतात.' मी दर वेळी उत्तर देते. या नियमाचा फटका बसलेल्या दहातल्या जवळपास सहा घरांत कुणी ना कुणी नोकरी करत होतं. या मुलीची आई पहाटे उठून दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांना आंघोळ घालते.

मीही घरात तिसरीच. आमच्या साताऱ्याकडे माझ्या काकूचा ग्रामपंचायतीचा अर्ज तिसऱ्या मुलामुळे बाद झाला होता. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्याला महाराष्ट्रात ती निवडणूक लढवता येत नाही. तो नियमही मला पटत नाही. पण त्यात काकूची सदस्यपदाची संधी गेली, माझ्या चुलतभावाच्या ताटातली भाकरी कमी झाली नाही. इथे मात्र वजावट थेट मुलाच्या वाट्यातूनच होत होती.

इथला हा नियम आणला हुजूर पक्षाचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बॉर्न यांनी, जुलै २०१५ च्या अर्थसंकल्पात. त्यांच्याकडून मला वेगळी अपेक्षा नव्हती. मला लागलं ते विरोधी बाकांवरचं वागणं. मजूर पक्ष नुकताच निवडणूक हरला होता. हंगामी नेत्या हॅरिएट हार्मन यांचं म्हणणं असं की मतदारांनी आपल्याला नाकारलंय, तेव्हा हा नियम असलेल्या विधेयकाला सरसकट विरोध करायचा नाही. २० जुलैला पक्षाने खासदारांना तटस्थ राहायला सांगितलं. ४८ जणांनी ते झुगारून विरोधात मत दिलं. नेतेपदाच्या शर्यतीतल्या चौघांपैकी विरोधात मत देणारे जेरेमी कॉर्बिन एकटेच होते, आणि सप्टेंबरमध्ये निवडूनही तेच आले.

त्या काळात विरोधी पक्षाचं काम खरं केलं ते स्कॉटिश नॅशनल पक्षाच्या अ‍ॅलिसन थ्युलिस यांनी. बलात्कारातून जन्मलेल्या तिसऱ्या मुलाला सवलत होती, पण त्यासाठी आईने तसं सरकारला कळवायचं, तिऱ्हाईत व्यावसायिकाकडून दुजोरा आणायचा, आणि त्या पुरुषाबरोबर ती राहत नसली पाहिजे. थ्युलिस यांनी ही तरतूद अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांतून शोधून काढली आणि वर्षानुवर्षं लावून धरली. वाचताना माझ्या पोटात कालवलं होतं.

किअर स्टार्मर यांनी २०२० मध्ये मजूर पक्षाचं नेतेपद मागताना दोन मुलांची ही मर्यादा काढून टाकायची भाषा केली. जुलै २०२३ मध्ये, सत्ता समोर दिसू लागल्यावर, बदलणार नाही म्हणाले. पैशांची सोय असल्याशिवाय वचन द्यायचं नाही, हे कारण मी समजू शकते. घर मीही चालवते. पण जी गोष्ट चूक आहे ती चूक आहे एवढं म्हणायला पैसे लागत नाहीत. २३ जुलै २०२४ ला, सत्तेवर आल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, मर्यादा रद्द करा म्हणणारी स्कॉटिश नॅशनल पक्षाची दुरुस्ती ३६३ विरुद्ध १०३ मतांनी पडली. तिच्या बाजूने मत देणाऱ्या मजूर पक्षाच्या सात खासदारांना संसदीय पक्षातून निलंबित केलं. तेव्हा देशभरात १६ लाख मुलं या नियमाखाली होती. आमची टोस्टवाली सात वर्षांची झाली होती.

२६ नोव्हेंबर २०२५ ला अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी मर्यादा एप्रिल २०२६ पासून रद्द करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मी स्टाफरूममध्ये रडले. साडेचार लाख मुलं या संसदेच्या अखेरपर्यंत गरिबीतून बाहेर येतील असा सरकारचा अंदाज आहे. हुजूर पक्षाच्या केमी बेडेनॉक म्हणतात, आम्ही आलो तर मर्यादा परत आणू. निदान त्या विरोधात असताना जे वाटतं ते स्पष्ट बोलतात. मला त्यांचं म्हणणं घातक वाटतं, तरी आईबापांना निवडणुकीआधी ते माहीत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी मी त्या आईला सांगितलं. तिने ऐकलं होतं, पण विश्वास बसत नव्हता. मी तारीख सांगितली, रक्कम सांगितली. तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

'आणि मागचे?' तिने विचारलं.

मागचे मिळणार नाहीत, मी म्हटलं. तिने मुलीच्या जॅकेटची चेन वर ओढली, बाही मनगटाच्या बरीच वर होती ती खाली खेचून पाहिली, आणि बस गाठायला निघाली.