औषध वेळेवर, वजन जागेवर

तिच्या औषधाच्या कार्डावर एकही गोळी चुकलेली नव्हती, तरी वजन जागचं हलत नव्हतं. गोवंडीत डीआर-टीबीची, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची समुपदेशक म्हणून काम करताना गोळ्या गटारात टाकणारे पाहिलेत, उशीखाली लपवणारेही पाहिलेत. ही रुग्ण तशी नव्हती. तिशीच्या आतली, घरी बसून मणी ओवणारी, उंची पाच फूट, वजन ३३ किलो. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचं माप, १४ च्या जरासाच वर. १८.५ च्या खाली गेलं की कमी वजन धरतात, यावरून काय ते समजा.

डॉक्टर म्हणाले, घरी जाऊन बघून या. मी मुद्दाम सकाळीच गेले. नळाची वेळ होती. हंडे भरून झाल्यावर तिने कपभर कोरा चहा घेतला आणि त्यावर सगळ्या गोळ्या, बेडाक्विलिन या टीबीच्या महत्त्वाच्या औषधासकट.

"मागनं कामात राहून जातं ताई, म्हणून आधीच उरकते."

बेडाक्विलिन जेवणासोबतच घ्यायचं असतं. उपाशीपोटी घेतलं, तर जेवणासोबत जेवढं रक्तात उतरतं त्याच्या जेमतेम निम्मं उतरतं. वर चेहरा पांढरा पडलाय म्हणून कुणीतरी दिलेली लोहाची गोळीही ती त्याच मुठीत घ्यायची. लोह आणि टीबीचंच दुसरं औषध लिवोफ्लॉक्सासिन एकत्र गेलं की लोह त्या औषधाला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. कार्डावरची टिकमार्क खरी होती, औषध मात्र अर्धंमुर्धंच पोचत होतं.

"आणि पोषणाचं सामान?" मी विचारलं. निक्षय मित्राकडून, म्हणजे टीबीच्या रुग्णाला शिधा पुरवणाऱ्या दात्याकडून, दर महिन्याला डाळ, तांदूळ, शेंगदाणे, तेल असं मिळत होतं. सासूबाईंनी चुलीजवळचा टोप उघडून दाखवला. सहा माणसांची पातळ आमटी. मग दोन उकडलेली अंडी आली. सुनेने ती सुरीने कापली, तिन्ही पोरांच्या हातात फोडी ठेवल्या आणि ताटलीत सांडलेला पिवळा चुरा बोटाने टिपून स्वतः खाल्ला. माझ्यासमोर, अगदी सहज.

मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "पोरं तोंडाकडं बघत्यात बाई. हिच्या नरड्याखाली कसं उतरल?"

यावर काय बोलणार? चॉकलेटच्या वासाची प्रोटीन पावडर तर आठवड्यात संपली होती, पोरांनीच पळवली होती. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिन्याला ५०० चे १००० रुपये झाले, पण खातं नवऱ्याचं आणि खोलीचं भाडं थकलेलं. यात कुणाला वाईट ठरवायचं, मला तरी कळत नाही. आम्ही 'रुग्णाचा आहार' म्हणतो, पण अशा घरात रुग्णाचं वेगळं ताट नसतंच.

झारखंडमधल्या 'रेशन्स' अभ्यासात हे आधीच ओळखलं होतं. तिथे रुग्णांसोबत काही घरांतल्या इतरांनाही शिधा दिला, आणि त्या घरांत इतरांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. २०२३ मध्ये हे छापून आलं. शिवाय पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू बरेच कमी होते. एवढं माहीत असूनही आपली शिध्याची टोपली एका माणसाच्या मापाची का, हा माझा जुना राग आहे.

डॉक्टरांना विचारून गोळ्यांची वेळ दुपारच्या जेवणावर नेली, लोहाची गोळी लांब सरकवली. पोरांची आणि नवऱ्याची तपासणी करून घेतली. निक्षय मित्राला फोन करून स्पष्ट सांगितलं, एका टोपलीने भागणार नाही, घराचं माप धरा. त्याने कटकट केली, पण दुसरी टोपली दिली. पुढच्या वजनाला काटा ३४ च्या पुढे गेला. फार नाही, पण हलला.

सासूबाई तर आता माझ्याशी भाव करतात. परवा म्हणाल्या, "त्यो पावडरीचा डबा नगं, तेलाचा पुडा वाढवा. भाकरीवर वततो, समद्यांना पुरतं." शंभर ग्रॅम तेलात नऊशे कॅलरी असतात. हिशेबात बाई माझ्यापुढे आहे. प्रोटीनसाठी मी शेंगदाण्यांवर अडून बसलेय, ते भांडण अजून चालू आहे.