आरव म्हणजे हळू

गावाचं नाव दादाने तोंडाने सांगितलंच नाही, मोबाइल पुढे केला. का, ते वाचायला गेल्यावर कळलं. सुरुवातीलाच दोन एल, मध्ये स्वरांची गर्दी, शेवटी डी आणि आर एकमेकांना चिकटून, आणि हे सगळं संपल्यावर छोटी रेघ देऊन अजून दोन शब्द. बर्मिंगहॅमला येऊन त्याला बारा वर्षं झाली, पण वेल्समधल्या गावांची नावं तो अजूनही फक्त दाखवतो.

ऑक्टोबरच्या शेवटी आरवच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या, शाळेला आठवड्याची सुट्टी होती. दोन रात्रींचा बेत ठरला. ओस्वेस्ट्री सोडलं की रस्ता चढायला लागतो आणि थोड्याच वेळात इंग्लंड संपतं. ते संपलं हे कळतं रस्त्यावरच्या अक्षरांवरून. वळणाआधी डांबरावर इंग्रजी 'स्लो'च्या जोडीला पांढऱ्या रंगात आणखी एक शब्द येतो, ए आर ए एफ. दादा इतकी वर्षं त्याला 'अराफ' म्हणत आला होता.

उतरलो ती जागा म्हणजे एका बाईंच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या. त्यांनी चहाबरोबर वेल्श केक ठेवले. केक कसले, तव्यावर भाजलेल्या, बेदाणे घातलेल्या जाडसर गोड पुऱ्याच म्हणा. वरून साखर भुरभुरलेली. आरवने चार खाल्ले आणि मग रस्त्यावरच्या शब्दाचा अर्थ विचारला. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे एकटा एफ असला की तो 'व' होतो. आम्ही म्हणतो आरव. म्हणजे हळू."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जो मुलगा जिना कधी चालत उतरलेला नाही, त्याचं नाव अख्ख्या देशाच्या वळणावळणावर 'हळू' म्हणून लिहिलेलं! वहिनी डोळे पुसत हसत होती.

मग त्यांनी आम्हाला गावाचं नाव शिकवायला घेतलं. जीभ 'ल' म्हणताना ठेवतो तिथेच ठेवायची, आवाज अजिबात काढायचा नाही, आणि जिभेच्या कडांनी नुसती हवा सोडायची. दादाचा साप झाला, आरवची थुंकी टेबलावर उडाली. माझी गाडी 'ल्ह'वर अडली. पण पुढचं अक्षर मात्र मी पहिल्याच फटक्यात म्हटलं, कारण ते थेट आपल्या 'ऱ्हस्व'मधल्या 'ऱ्ह'च्या शेजारचं निघालं. ल्लानऱ्हायादर-अम-मॉख्नांट. मॉख्नांट हे या भागाचं जुनं नाव, 'ल्लान' म्हणजे चर्च आणि त्याभोवतीचं आवार, 'ऱ्हायादर' म्हणजे धबधबा. परतफेड म्हणून मी बाईंना 'ळ' दिला. 'बाळ', 'केळं', 'सकाळ'. 'ळ' काही त्यांना जमला नाही. त्या म्हणाल्या, चला, बरोबरी झाली.

गाव तासाभरात पाहून होतं. करड्या दगडाची घरं, छपरं पाटीच्या दगडाची (आपण लहानपणी ज्यावर बाराखडी गिरवली तीच पाटी), मधून ऱ्हायादर नदी. नदी कसली, आपल्याकडे तिला ओढा म्हणतील. पण शतकानुशतकं हा ओढा दोन परगण्यांची सीमा होता, म्हणजे अर्धं गाव एकीकडे, अर्धं दुसरीकडे. १९९६ साली कुठे सगळं गाव एका पॉविस परगण्यात आलं.

मला खरं तर चर्च बघायचं होतं. सेंट डॉग्वानचं चर्च म्हणतात त्याला. दिसायला साधंच, बुटकं. पण १५७८ साली इथे विल्यम मॉर्गन नावाचा पाद्री आला आणि त्याने दहा वर्षांत पूर्ण बायबल वेल्शमध्ये आणलं. नवा करार त्याच्या आधी १५६७ साली झाला होता, पण त्यातलं स्पेलिंग इतकं विद्वत्तापूर्ण होतं की वाचताना लोक अडखळायचे. मॉर्गनने तो सुधारला, जुना करार मूळ हिब्रूवरून केला, छपाईवर नजर ठेवायला जवळजवळ वर्षभर लंडनला जाऊन राहिला. १५८८ साली ग्रंथ बाहेर पडला. हे सगळं शांत चित्ताने झालं असं समजू नका. गावातल्या एका बड्या असामीशी त्याचं हाडवैर होतं, कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या, आणि पाद्रीबुवा झग्याखाली पिस्तूल बाळगतात असा आरोपही झाला होता.

यातली गंमत पुढेच आहे. १५३६ च्या कायद्याने वेल्समधल्या कोर्टांत आणि सरकारी कामात इंग्रजी आणली होती. १५६३ मध्ये बायबलच्या भाषांतराचा हुकूम निघाला, तो काही वेल्शच्या प्रेमापोटी नव्हे. चर्चमध्ये दोन्ही प्रती शेजारी ठेवायच्या, म्हणजे लोक ताडून बघत बघत इंग्रजी शिकतील, असा हिशेब त्यात लिहूनच ठेवला होता. झालं उलटंच. दर रविवारी एकाच वळणाची भाषा सगळ्या देशाच्या कानावर पडू लागली आणि वेल्शला प्रमाण गद्य मिळालं. २०२१ च्या जनगणनेत ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं असं नोंदवलं, शंभरात अठराच्या आसपास.

बाकावर बसल्या बसल्या मला फादर स्टीफन्स आठवले. मॉर्गन या दरीत आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १५७९ साली, हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला आणि पुढे ओव्यांमध्ये मराठी ख्रिस्तपुराण लिहून बसला. १६१६ साली ते रायतूरला छापलं गेलं. दोघांची एकमेकांना गंधवार्ताही नसणार.

दुपारी धबधबा. गावापासून साडेसहा किलोमीटर, रस्ता एका गाडीपुरता, दोन्हीकडे कुंपणाची झाडं आणि कोकणातल्यासारखे गडगे, फक्त जांभ्याऐवजी करड्या दगडाचे. समोरून ट्रॅक्टर आला. बाजूला घ्यायची जागा आम्ही मघाशीच मागे टाकली होती, तेव्हा दादाला दोनेकशे मीटर रिव्हर्स घ्यावा लागला. वहिनी सूचना देत होती, आरव ट्रॅक्टरवाल्याला हात करत होता, आणि गडग्यावरून एक मेंढी हे सगळं रवंथ करत पाहत होती.

पिस्टिल ऱ्हायादर ७३ मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या माणसाला आकडा ऐकून काही वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. पण आपले धबधबे पावसाळ्यात आरडाओरडा करतात आणि दिवाळीनंतर भिंतीवर नुसता काळा डाग उरतो. हा बारमाही. वरून डिस्गिन्वा नावाची नदी येते, कड्यावरून उडी मारते आणि खाली उतरल्यावर नाव बदलून ऱ्हायादर होते, सासरी आल्यासारखी. मध्यावर खडकाची एक कमान आहे, पाणी तिच्या मागे पडतं आणि खालून निसटतं. १८५४ साली इथे आलेल्या एका इंग्रज प्रवाशाने या कमानीमुळे देखावा बिघडतो म्हणून नाक मुरडलं होतं. मला तर तीच आवडली. डोळ्याला थांबायला तेवढी एक जागा आहे. नेचे पिकून तांबूस झाले होते, कड्यावर पाऊस की तुषार ते कळत नव्हतं, आणि दहा मिनिटांत आम्ही चौघेही सारखेच भिजलो.

दुसऱ्या दिवशी पेनंट मेलांगेल. रस्ता संपतो तिथे गोल आवारात जुनं चर्च आणि जुनाट यू वृक्ष. शिकाऱ्यापासून पळालेला ससा मेलांगेल या संतिणीच्या घोळात लपला आणि राजाचे कुत्रे मागे फिरले, अशी कथा. सशांना या भागात मेलांगेलची कोकरं म्हणतात. आरवला हे चर्च सगळ्यांत जास्त पटलं.

तिथून व्हर्नवी तलावाकडे. १८८१ ते १८८८ या काळात लिव्हरपूल शहराने इथे धरण बांधलं, ब्रिटनमधलं पहिलं मोठं दगडी धरण. पाणी इथून सुमारे ११० किलोमीटरवर लिव्हरपूलला जातं. बांधकाम देखणं आहे, हे कबूल करायला हवं. भिंतीवरून कमानींवर पेललेला रस्ता, पाण्यात परीकथेतल्यासारखा टोकदार मनोरा. आणि तळाशी ल्लानूदिन गाव. सदतीस घरं, दहा शेतवाड्या, तीन दारूचे गुत्ते, चर्च. कबरींमधले अवशेषसुद्धा उचलून नव्या चर्चच्या आवारात नेले. आजचं ल्लानूदिन धरणाच्या खालच्या अंगाला आहे, नाव तेवढं जुनं. पुढे १९६५ मध्ये लिव्हरपूलने बालाजवळचं कापेल केलिन हे गावही असंच बुडवलं, आणि त्याची माफी २००५ साली मागितली.

आमच्या पणजीचं माहेर मुळशी पेट्यात होतं. १९२१ साली सेनापती बापटांच्या सत्याग्रहात तिचे भाऊ होते असं आजी सांगायची. गाव पाण्याखाली गेलं, मुंबईला वीज गेली. पणजीला माहेर कुठलं विचारलं की ती म्हणे गावाचं नाव, मग थोडं थांबून, "होतं."

मी हे दादाला बोलून दाखवलं. तो कठड्यावर हात टेकून उभा होता. म्हणाला, "आपल्या घरच्या नळाला येतं ना, ते एलान खोऱ्यातलं. तेही वेल्समध्येच. तिथेही घरं होती." मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

आरव कठड्याच्या फटीतून पाण्याकडे बघत काहीतरी पुटपुटत होता. जवळ गेले तर जीभ टाळूला लावून हवा सोडत होता. ल्लानूदिन. पुन्हा, ल्लानूदिन. तिसऱ्यांदा थुंकी उडाली नाही, साप झाला नाही, अगदी त्या बाईंसारखं आलं. "दा याउन," त्याने स्वतःलाच शाबासकी दिली. हेही त्यांच्याकडूनच उचललेलं.

परतताना अंधारून आलं होतं. उतारावर, वळणाच्या तोंडाशी, हेडलाइटमध्ये ती पांढरी अक्षरं परत आली.

"बाबा, हळू," मागून आवाज आला.