हजेरीपटातील नावे

फिजीची राजधानी सुवा येथे मी शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. एका विद्यार्थी-शिक्षकाचा सरावपाठ पाहण्यासाठी मी मारिस्ट ब्रदर या कॅथलिक व्रतस्थांच्या संघाच्या एका शाळेत गेलो होतो. पण पहाटेपासून कोसळणाऱ्या पावसात तो वाटेतच अडकला आणि त्याचा वर्ग मलाच घ्यावा लागला.

हजेरी घेताना डब्ल्यू, ए, क्यू, ए अशी अक्षरे समोर आली आणि मी ‘वाका’ असे वाचले. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून गप्प बसून राहिला. मी तेच नाव पुन्हा पुकारले. तेवढ्यात दारात उभे असलेले एक वयोवृद्ध ब्रदर हलक्या आवाजात म्हणाले, “वांगा,” आणि तो मुलगा चटकन उभा राहिला.

मला फार वाईट वाटले. फिजीयन भाषेच्या रोमन लेखनात क्यूचा उच्चार ‘ङ्ग’ होतो, बीचा ‘म्ब’ आणि डीचा ‘न्द’, हे मी जाणून होतो. ज्या नांदीच्या विमानतळावर मी उतरलो, त्याच्या पाटीवरही ‘Nadi’ असेच होते, अनुस्वार नव्हताच.

मधल्या सुट्टीत ब्रदरांनी मला शिक्षकखोलीत बसवून घेतले. ते तरुणपणीच न्यूझीलंडहून येथे आले होते. ब्रदर म्हणजे फादर नव्हे: ते मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, अर्पण करीत नाहीत, व्रतस्थ राहून शिकवणे हेच त्यांचे जीवितकार्य. मार्सेलिन शाँपान्या यांनी 1817 मध्ये फ्रान्समधील ला वाला गावी खेड्यापाड्यांतील मुलांसाठी हा संघ स्थापन केला. प्रशांत महासागराकडे 1836 च्या नाताळच्या आदल्या दिवशी जी पहिली तुकडी निघाली, तिच्यात फादरांबरोबर तीन ब्रदरही होते. त्यांपैकी ब्रदर मारी-निझिए हे फादर पीटर शॅनेल यांच्यासोबत फुतुना बेटावर राहिले. 1841 मध्ये शॅनेल यांची हत्या झाली, तेव्हा ते दुसरीकडे गेलेले असल्यामुळे वाचले. सुव्यात या संघाचे ब्रदर 1888 मध्ये आले. मुलांवर प्रेम करा आणि सर्वांवर सारखेच करा, ही शाँपान्यांची शिकवण. वसाहतकाळात शाळा वंशावरून वेगळ्या केल्या जात असलेल्या या देशात ती पाळणे सोपे नव्हते, असे मला वाटते.

ब्रदर एकेक नाव सावकाश उच्चारीत गेले आणि मी ते वहीत देवनागरीत उतरवून घेत गेलो. आपला अनुस्वार या भाषेला इतका चपखल बसेल, असे मला कधी वाटले नव्हते.

शेवटी गिरमिटियांच्या, म्हणजे भारतातून करारावर आणलेल्या मजुरांच्या, वंशातील एका मुलाचे नाव आले: धनराज. ब्रदर थांबले. इतकी वर्षे आपण ‘दनराज’च म्हणत आलो, खरा उच्चार कसा, असे त्यांनी मला विचारले. मी कागदाची एक पट्टी फाडून ओठांसमोर धरली. ‘द’ म्हटल्यावर ती जेमतेम हलली, ‘ध’ म्हटल्यावर फडफडली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि तासाची घंटा होईपर्यंत ते खिडकीपाशी उभे राहून एकच अक्षर म्हणत राहिले.