पोळपाटावरचे नाव

धुळ्यात एप्रिल उजाडला की आमच्या गल्लीतल्या बायका आपापल्या पोळपाटाच्या पाठीवर नेलपॉलिशने लिहिलेले नाव पुन्हा एकदा गिरवून ठळक करतात. उडदाच्या पापडांचे दिवस सुरू झालेले असतात, रोज एकीच्या ओसरीवर दहा-बारा जणी जमतात, आणि संध्याकाळी पोळपाट-लाटण्यांची अदलाबदल होऊ नये एवढाच या नावांचा उद्देश असतो. जिचा दिवस असेल तिने पीठ कुटून, तेलाचा हात लावून लाट्या तयार ठेवायच्या आणि दुपारी चहा द्यायचा. बाकीच्यांनी फक्त लाटायचे. तेलात बुडवून कच्ची लाटी खाण्याचा अधिकार लाटणारणींच्या मुलांकडे आपोआप येतो, आणि माझ्या लहानपणीच्या कित्येक दुपारी याच अधिकारावर निघाल्या आहेत.

नोकरीला लागल्यावर मी शहाणपणाने एकदा या व्यवहाराचा हिशेब मांडला. डाळ, पापडखार, तेल यांच्या खर्चात आईने इतरांच्या ओसरीवर घालवलेल्या अकरा दुपारींची मजुरी धरली, आणि दुकानातले तयार पाकीट आपल्याला स्वस्त पडते असे तिला कागदावर दाखवून दिले. आईने कागद नीट पाहिला आणि विचारले, “तुझ्या ताईला रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा रिक्षा काढली ती पाकीटवाल्यानं का?” त्या रात्रीची किंमत कोणत्या रकान्यात धरायची हे मला सुचले नाही, म्हणून तो कागद तसाच राहिला.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारी भाड्याने एक शिक्षिका राहायला आली. तिने पहिल्याच उन्हाळ्यात अतिशय सरळपणे विचारले की माझे दोन किलोंचे पापड करून द्याल का, मजुरी काय होईल ती सांगा. ओसरीवर एकदम शांतता पसरली. मग सर्वांत वयस्कर असलेल्या जिजी म्हणाल्या, “पैसासनं काय करू वं माय? सकाय तुना पोळपाट लई ये.” दुसऱ्या दिवशी ती पोळपाट घेऊन आली; तिचे पापड नकाशासारखे वेडेवाकडे होत होते, पण कोणी हसले नाही. चार दिवसांनी तिच्या पोळपाटावरही नेलपॉलिशने नाव आले, तेव्हा आता तिचाही दिवस लागणार हे सर्वांना न सांगता कळले.

आईला हे नियम शिकवावे लागले नव्हते. तिचे माहेर साक्री तालुक्यात पांझरा नदीकाठचे, आणि त्या खोऱ्यात तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धतीने पाणी वाटले जाते. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी फिरवण्याचे काम पाटकऱ्याकडे सोपवायचे. बऱ्याच ठिकाणी एकाच शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते, त्यामुळे टंचाईच्या वर्षी एखाद्या फडाचे पाणी तोडले तरी कोणी एकटा संपूर्ण कोरडा राहत नाही. असा शेतकरी पाटकऱ्याशी तावातावाने भांडेल, पण कालवा फोडणार नाही. पाणी, जंगल, कुरण अशी सामायिक साधने लोक आपसांत नियम करून कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा व्यवस्था टिकण्यासाठी हक्क कोणाचा आणि कोणाचा नाही याची सीमा स्पष्ट असावी लागते, हे त्यांच्या निष्कर्षांपैकी एक होते. आमच्याकडे ते काम नेलपॉलिशची बाटली करते.

ही सीमा मात्र नेहमीच गोंडस नसते, हे कबूल केले पाहिजे. एका वर्षी मागच्या गल्लीने निरोप धाडला की दोन्ही गल्ल्यांनी मिळून बाजार समितीतून उडीद उचलला तर किलोमागे चार पैसे वाचतील. आमच्या गल्लीने तीन दिवस विचार करून नकार दिला. आपले वाचले असते हे सर्वांना मान्य होते. “पण त्यांचे आपल्या जिवावर जास्त वाचले असते,” असे माझी आईच म्हणाली. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग मी पुढे वाचला, तेव्हा मला ही ओसरी आठवली. क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडली यावरून गट पाडले आहेत असे मुलांना सांगितले होते. प्रत्यक्षात ती वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. तरीही इतरांना पैसे वाटून देताना अनेकांनी आपल्या गटाचा एकूण फायदा कमी होऊ दिला, पण दुसऱ्या गटाशी असलेले अंतर वाढवले. त्या मुलांमध्ये निदान जुनी भांडणे तरी नव्हती. आमच्या दोन गल्ल्यांमध्ये नळाच्या पाण्यापासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सगळे होते.

शिक्षिकेची बदली नंदुरबारला झाली ती नेमकी भर मे महिन्यात. ती सर्वांकडे लाटून आली होती, आणि तिचा स्वतःचा दिवस अजून लागायचा होता. पारा ४४ अंशांवर असताना आईने आणखी पाच जणींना बोलावून घेतले, तिच्या वाटणीचे पापड लाटले, खाटेवर जुने धोतर अंथरून वाळवले आणि स्टीलच्या डब्यात दोनदा मोजून भरले. नंदुरबारला निघालेल्या एका पाहुण्याच्या हाती तो डबा देताना तिने झाकणावर नेलपॉलिशने आपले नाव घातले, आणि डबा परत यायला हवा असे त्यांना जिना उतरेपर्यंत बजावत राहिली.