जोडीतली दुसरी तार

"तुम्ही एकाच तारेवर बोट ठेवले आहे, दुसरी बिचारी कुरकुरते आहे," असे आज संध्याकाळी सर म्हणाले आणि माझा हात मँडोलिनवर तसाच थांबला.

मी 'जी' नावाची कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवत होतो. ती सर्वांत सोपी म्हणून आधी शिकवतात: 'जी' आणि 'डी'च्या तारा मोकळ्या सोडायच्या, 'ए'च्या तारा दुसऱ्या पडद्यावर (वाद्याच्या मानेवरची आडवी पट्टी) आणि ईच्या तिसऱ्या पडद्यावर दाबायच्या. बोटे फक्त दोन लागतात. मात्र तारा आठ असून त्या जोडीजोडीने बसवलेल्या असल्यामुळे प्रत्येक बोटाला दोन तारा सारख्याच दाबाव्या लागतात, आणि माझे बोट केसभर सरकले होते.

मला ती कुरकुर ऐकूच आली नव्हती, हे जास्त खटकले. हीच दोन बोटे तशीच एक जोडी वर, म्हणजे डी आणि एच्या तारांवर सरकवली की सी कॉर्ड होते, हे कळल्यापासून मी या बदलाच्या वेगावरच खूश होतो. (सरांनी वेगाबद्दल अवाक्षरही काढले नाही.)

मग त्यांनी पिक (तारा छेडायची छोटी चकती) प्रत्येक जोडीवरून सावकाश, वेगवेगळी फिरवायला लावली. अर्ध्या तासात एकच कॉर्ड झाली. घरी येऊन पाहिले, तर बोटाच्या टोकावर दोन समांतर वळ उमटले होते. काल तिथे एकच होता.

तुम्हाला शिकताना स्वतःची चूक कितव्या दिवशी ऐकू येऊ लागली?