इनहिबिशन उणे का येतं?

“सर, उणे इनहिबिशन म्हणजे हा अर्क साखर वाढवतो का?” आज नांदेडच्या लॅबमध्ये एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीनं वही पुढे करत विचारलं. जांभळाच्या बियांचा अर्क, अमायलेजची म्हणजे स्टार्चची साखर करणाऱ्या एन्झाइमची चाचणी. अर्क त्या एन्झाइमला किती टक्के रोखतो, ते इनहिबिशन; तिचा आकडा उणे आला होता.

नाही वाढवत. नळी उजेडात धरली, डीएनएसए (साखरेमुळे रंग बदलणारं रसायन) टाकायच्या आधीच ती कोऱ्या चहासारखी तपकिरी. ५४० नॅनोमीटरला यंत्र फक्त रंग मोजतं. तो साखरेचा की अर्काचा, हे त्याला कळत नाही. शिवाय अर्कातली फिनॉलिक द्रव्यं स्वतःच डीएनएसएचा रंग बदलतात. म्हणून प्रत्येक तीव्रतेला वेगळी ब्लँक हवीच: अर्क, स्टार्च, बफर सगळं तेच, फक्त एन्झाइम नाही. तीही डीएनएसए टाकून ५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायची आणि तिचं रीडिंग वजा करायचं.

उलटी फसगत जास्त वाईट. या बियांत टॅनिन भरपूर. ते कुठल्याही प्रथिनाला चिकटतं, एन्झाइम निकामी होतं आणि आकडा झकास दिसतो. पीव्हीपीपी या टॅनिन धरून ठेवणाऱ्या पुडीनं ते काढून चाचणी पुन्हा लावावी. सूजविरोधी म्हणून करतात त्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या चाचणीतही हेच टॅनिन गढूळपणा वाढवून रीडिंग बिघडवतं.

असा आकडा ‘मधुमेहावर गुणकारी’ म्हणून बाहेर गेला, की गावाकडं कुणीतरी गोळी बंद करून बियांची पूड सुरू करतो. ब्लँक नाही, शेजारी तुलनेला अकार्बोज (हेच एन्झाइम रोखणारं मधुमेहाचं औषध) नाही, तर त्या टक्क्यांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?