बेल्जियन शिळाछाप अल्बम: घेताना आणि बडोद्याच्या पावसाळ्यात जपताना

जुन्या घरातली शिळाछाप पोथी हाताळलेल्या माणसाला १८२० ते १८५०च्या दरम्यानचे बेल्जियन अल्बम परके वाटणार नाहीत. तोच चुनखडीचा दगड, तीच तेलकट शाई, तेच तेल-पाण्याचं वैर. फक्त इथे ब्रुसेल्समध्ये झोबारच्या छापखान्यासाठी मादूसारखा चित्रकार खडूने थेट दगडावर काढत होता. म्हणूनच या चित्रांत हाताची थरथरसुद्धा उतरते.

घेण्याआधी पानं मोजा. असे बरेच अल्बम वर्गणीदारांना हप्त्याहप्त्याने मिळत. शीर्षकपान आणि चित्रांची सूची बहुधा शेवटच्या हप्त्यात येई, त्यामुळे वर्गणी मध्येच सुटली की अल्बम तसाच अर्धवट बांधला जाई. शिवाय सुटी चित्रं विकून जास्त पैसे मिळतात म्हणून विक्रेते अल्बम फोडतात. सुटं चित्र स्वस्त पडतं, पण माझ्या मते ते घेणं म्हणजे या फोडाफोडीला हातभार लावणं.

पानं सुटी दिसली तरी लगेच नाकारू नका. १८३६नंतर शिवणीऐवजी रबराने पाठ चिकटवायची पद्धत आली. ते रबर वाळून भुगा होतं आणि चित्रं गळून पडतात. सगळी असतील तर हा दोष मोठा नाही. मात्र फेविकॉल लावू नका, नंतर तो निघत नाही.

दहापट भिंग हवंच. खऱ्या शिळाछापात खडूचे कण वेडेवाकडे, तुटक दिसतात, खरबरीत कागदावर पेन्सिल फिरवल्यासारखे. ओळीत बसलेले सारखे ठिपके दिसले तर ते नंतरचं ऑफसेट. भोवती दाबाची चौकट उठली असेल तर ते बहुधा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. रंग तपासताना तपकिरी डाग बघा: रंग डागाच्या वर बसला असेल, तर तो किंमत वाढवायला अलीकडे चढवलेला असण्याची दाट शक्यता. तांब्यापासून केलेल्या जुन्या हिरव्या रंगाने कागद मागून करपल्यासारखा दिसतो. त्याला घाबरू नका.

काही चित्रांना दुसऱ्या दगडाने फिकट पिवळसर छटा दिलेली असते आणि ढगांची, दिव्यांची चमक म्हणून त्यात कोरा कागद राखलेला असतो. डाग घालवायला ब्लीच केलं की छटा उडते आणि चमकही जाते. डाग राहू द्या.

आता आपल्या हवेचं. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी येते, आणि बडोद्यात आषाढ-श्रावणात ती सहज त्याच्या वर असते. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला पातळ चिनी कागद तेव्हा कडेने सुटतो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. मोठे अल्बम आडवे ठेवा, एकावर एक दोनच. जुन्या दफ्तरांसारखं रुमालात बांधणं उत्तम. पण मांजरपाट आधी दोनदा उकळून खळ काढा, कारण कसर खळीलाच येते. वर्तमानपत्र आणि साधं प्लास्टिक आत नको.

दसऱ्याला हवा कोरडी झाली की रुमाल सोडा. ऊन न दाखवता, सावलीत, पंखा मंद ठेवून दोन-तीन तास पानं उलटा. शिवणीपाशी कसरीचा भुसा दिसला तर मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूला झाडा.